टॅब की स्वल्पविराम? दूध संस्थेचा पंधरा वर्षांचा डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना

करवीर तालुक्यातल्या एका प्राथमिक दूध संस्थेच्या सचिवांचा प्रश्न आहे. तीनशेच्या आसपास उत्पादक, सकाळ-संध्याकाळ संकलन, पंधरा वर्षांच्या नोंदी एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. आता सॉफ्टवेअर बदलायचंय. जुन्या सॉफ्टवेअरचा माणूस म्हणतो, सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने तोडलेली फाइल, काढून देतो. नवा म्हणतो, सीएसव्ही नको, टॅबवाली टेक्स्ट फाइल आणा, म्हणजे रकान्यांमध्ये स्वल्पविरामाऐवजी कीबोर्डवरच्या टॅब बटणाचं चिन्ह. सचिवांनी नमुन्याची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून बघितली तर नावं वाचता येईनात आणि काही बँक खाती बिघडलेली. दोघांतल्या कुणाचं ऐकावं, आणि ऑडिटसाठी कायमची जपून ठेवायला कोणती फाइल बरी, असं ते विचारतात.

सचिवसाहेब, आधी सरळ उत्तर: या खेपेला टॅबवाली घ्या. कारण पुढे येईलच, पण ते नव्या सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यातलं कारण नसावं. पंचवीस वर्षं मी कारखाने, फौंड्र्या, पतसंस्था आणि दूध संस्थांच्या फाइली इकडून तिकडे नेतोय. स्वल्पविरामामुळे बिघडलेल्या फाइली मी कमी पाहिल्या. 'समोरच्याला कळेलच की' या भरवशावर बिघडलेल्या कितीतरी जास्त.

'सीएसव्ही देतो' हे म्हणणं म्हणजे मार्केट यार्डात 'गूळ पाठवतो' म्हणण्यासारखं आहे. रवा किती किलोचा, रंग कसला, काहीच ठरलेलं नाही. पद्धत तशी जुनी. आयबीएमच्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरमध्ये १९७२ सालीच स्वल्पविरामाने तोडलेली माहिती वाचायची सोय होती. पण तिचे नियम इंटरनेटच्या आरएफसी ४१८० या टिपणात नीट लिहून निघाले ते थेट ऑक्टोबर २००५ मध्ये. मधली तेहतीस वर्षं ज्याने त्याने आपल्या मनाने फाइली काढल्या. ते टिपणसुद्धा सक्ती करत नाही, बहुतेक लोक असं करतात एवढंच नोंदवतं. म्हणून तुमच्या जुन्या माणसाची सीएसव्ही आणि नव्या माणसाची सीएसव्ही या सख्ख्या बहिणी असतीलच असं नाही.

नियम दिसायला सोपा आहे. एक ओळ म्हणजे एक नोंद, स्वल्पविराम आला की रकाना संपला. आता पत्ता बघा: घर नं. १२, ई वॉर्ड, शाहूपुरी. एका रकान्याचे तीन झाले. रक्कम बघा: १,२५,०००. तिचेही तीन झाले, आणि आपल्याकडे लाखाचा स्वल्पविराम घातल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. यावर उपाय म्हणून असा मजकूर दुहेरी अवतरण चिन्हांत गुंडाळतात. मग आतच अवतरण चिन्ह आलं तर? समजा एखाद्या उत्पादकाचं नाव यादीत शंकर "बापू" पाटील असं आहे. तर आतलं प्रत्येक चिन्ह दोनदा लिहायचं. जुनी सॉफ्टवेअर पहिली पायरी करतात आणि दुसरी विसरतात. शिवाय अवतरणाच्या आत नवी ओळ चालते, म्हणजे दोन ओळींत टाइप केलेला पत्ता ही एकच नोंद असते. फाइलीतल्या ओळी मोजल्या म्हणजे नोंदी मोजल्या असं समजू नका.

टॅबचं बरं असं की नावात, पत्त्यात, रकमेत तो सहसा येतच नाही. कुणी शेऱ्याच्या रकान्यात एक्सेलमधून काही चिकटवलं असेल तर येतो. म्हणून फाइल काढतानाच मजकुरातल्या टॅबच्या आणि नव्या ओळीच्या जागी साधी मोकळी जागा घालायला सांगा.

आपल्या देशात या स्वल्पविरामाला कंटाळून लोकांनी काय काय केलंय, ते तुमच्या हिशेबनिसाला विचारा. टीडीएसच्या विवरणपत्राची टेक्स्ट फाइल ^ या टोपीच्या चिन्हाने तोडलेली असते. भविष्य निर्वाह निधीच्या ईसीआर फाइलीत दोन रकान्यांमध्ये #~# अशी तीन चिन्हं लागतात. एएमएफआय या म्युच्युअल फंडांच्या संघटनेची रोजच्या एनएव्हीची, म्हणजे युनिटच्या भावाची, फाइल अर्धविरामाने तोडलेली असते. तिन्ही बिनबोभाट चालतात. कारण चिन्हात नाही, देणारा आणि घेणारा यांच्यात रचना आधी लिहून ठरली आहे यात आहे.

आणि गंमत म्हणजे याच कामासाठी खास चिन्हं केव्हाच करून ठेवली आहेत. आस्की या संकेतावलीत, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, २८ ते ३१ या क्रमांकांवर फाइल, गट, नोंद आणि रकाना वेगळा करणारी चार चिन्हं आहेत. कुणाच्या नावात ती येणं शक्य नाही. पण त्यांचं बटण कीबोर्डवर नाही आणि ती पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून कुणी वापरत नाही. सोय अशी अडगळीत पडली.

टॅब घेतला तरी अंकांचा प्रश्न सुटत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचे मापांचे अहवाल जर्मनीला जायचे. तिकडे दशांशाला स्वल्पविराम लावतात, म्हणून तिकडचं एक्सेल सीएसव्हीत रकाने तोडायला अर्धविराम शोधतं. आमची फाइल उघडली की पूर्ण ओळ पहिल्याच रकान्यात कोंबलेली. आम्ही अर्धविराम घातला, तर नवंच. तिकडे टिंब तारखेत लावतात, त्यामुळे २५.४ मिलिमीटरचा झाला २५ एप्रिल. आणि आपण साडेबारा हजार म्हणून लिहिलेला १२,५०० हा आकडा तिकडे साडेबारा म्हणून वाचला जातो. तुमचं दूध जर्मनीला जाणार नाही, पण फॅट ६.५ मधलं टिंब दशांशाचंच आहे हे लिहून द्यायला काय जातं?

आता नावांकडे येऊ, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. मराठी नावं वाचता येत नाहीत तेव्हा आजार दोनपैकी एक असतो. दिसायला दोन्ही सारखे, औषधं मात्र वेगळी.

पहिला आजार हलका. डेटा युनिकोडमध्येच आहे, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणि यूटीएफ-८ या रीतीने साठवलेला. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं (बाइट म्हणजे साठवणीचं एक घर) असतं आणि त्या तिघांतला पहिला बाइट कायम एकच असतो. एक्सेलला कुणी सांगितलं नाही तर ते प्रत्येक बाइट वेगळं रोमन अक्षर समजून दाखवतं. मग पडद्यावर दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए दिसतो, आणि बहुतेकदा त्याच्या मागे चार पाय फुटलेलं एक वर्तुळ. हा नमुना दिसला तर निश्चिंत व्हा, डेटा धडधाकट आहे, फक्त चष्मा चुकलाय. फाइलीच्या सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण असली की एक्सेल बरोबर वाचतं. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारात सेव्ह केलं की ती खूण आपोआप लागते. पण काही प्रोग्रॅमना हीच खूण कळत नाही. त्यांना पहिल्या रकान्याचं नाव 'कोड' ऐवजी 'तीन अदृश्य बाइट आणि कोड' असं दिसतं आणि ते 'कोड नावाचा रकाना नाही' म्हणून अडून बसतात. रकाना तर समोर दिसतोय! यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. नव्या माणसाला विचारा, खूण हवी की नको.

दुसरा आजार जुना आणि चिवट: पंधरा वर्षांपूर्वीची सॉफ्टवेअर नावं युनिकोडमध्ये न ठेवता कृतिदेवसारख्या फाँटमध्ये ठेवायची. म्हणजे फाइलीत असतात इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं, आणि फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाँट काढला की आतला कचरा दिसतो. इथे तो रेघवाला ए दर तिसऱ्या जागी येणार नाही, साधी इंग्रजी अक्षरं आणि मध्येच विरामचिन्हं दिसतील.

सीएसव्हीच्या दृष्टीने हे का जीवघेणं, ते बघा. कृतिदेवमध्ये 'ए' हे अक्षर म्हणजे फाइलीत चक्क स्वल्पविराम असतो. 'य' म्हणजे अर्धविराम. अर्धा 'ष' म्हणजे दुहेरी अवतरण चिन्ह आणि अर्धा 'श' म्हणजे एकेरी. म्हणजे तुमच्या यादीतला प्रत्येक एकनाथ आपली ओळ एक रकाना पुढे ढकलणार. अर्धविरामाने तोडलेली फाइल घेतली तर जयवंत आणि दयानंद मधोमध फाटणार. आणि संतोष आला की फाइलीत एकटं अवतरण चिन्ह उभं राहणार. वाचणारा प्रोग्रॅम कच्चा असेल तर तो तिथून पुढचं सगळं एकच रकाना धरतो, पुढचा संतोष भेटेपर्यंत. एका संस्थेच्या यादीत मी दोन संतोषांच्या मधले चाळीसेक सभासद असे गायब झालेले पाहिलेत. हिशेब लागत नव्हता म्हणून कळलं.

टॅब घ्या म्हणालो ते यासाठी. कृतिदेवच्या मजकुरात टॅब कुठल्याच अक्षराला वापरलेला नाही, म्हणून रकाने सुखरूप सुटे होतात. मग सुटे झालेल्या रकान्यांपैकी फक्त नाव, गाव, शेरा एवढेच युनिकोडमध्ये बदलून घ्या. पूर्ण फाइल बदलणाऱ्या साधनात टाकू नका, कारण कृतिदेवमध्ये टिंब म्हणजे अर्धा 'ण'. फॅट ६.५ चं '६ण्५' होऊन येईल. हसू नका, झालंय.

बदलून झालं तरी एक बारीक काम राहतं. 'कऱ्हाड' मधला तो 'ऱ' किंवा 'ॲड.' मधला 'ॲ' युनिकोडमध्ये एकाहून जास्त प्रकारे टाइप होतो. डोळ्याला सारखा, संगणकाला वेगळा. म्हणून जुनी आणि नवी यादी नावावरून जुळवू नका, उत्पादकाच्या कोडवरून जुळवा.

आता तुमची बिघडलेली बँक खाती. तो दोष बहुधा फाइलीचा नाही, फाइलीवर डबल क्लिक करणाऱ्याचा आहे. सीएसव्हीत आकडा, मजकूर, तारीख असा भेदच नसतो, सगळी नुसती अक्षरं असतात. एक्सेल उघडताना प्रत्येक रकान्याचा अंदाज बांधतं, आणि शहाणपणाच्या भरात वाट लावतं. उत्पादक कोड ००४२ चा होतो ४२. सोळा आकडी खाते नंबर असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच अंक नेमके धरतं. म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर पडद्यावर १.२३४५७ आणि पुढे 'ई अधिक ११' असा आखूड दिसतो. खरा नंबर तोवर आत शाबूत असतो. पण तीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे पडद्यावर दिसतं तेच लिहिलं जातं, आणि बारापैकी सहा आकडे कायमचे जातात. तुम्ही नुसतं बघायला उघडता, बंद करताना एक्सेल विचारतं सेव्ह करू का, आणि बोट होकारावर पडतं.

एका साखर कारखान्याच्या ऊस नोंदीत गट नंबरांचं असंच झालं. ५/२ चा झाला ५ फेब्रुवारी, १२/३ चा १२ मार्च. ४७/२ मात्र तसाच राहिला, कारण सत्तेचाळीस तारीख नसते. त्यामुळे यादी वरवर चाळणाऱ्याला सगळं ठीक वाटलं. आपल्या सातबाराची एक्सेलच्या लेखी ७ डिसेंबर अशी तारीख होते. यात लाज वाटायचं कारण नाही. असला घोळ टाळायला शास्त्रज्ञांनाही हात टेकावे लागले: मार्च आणि सेप्ट अशी लघुनावं असलेल्या मानवी जनुकांच्या एक्सेलमध्ये तारखा होत होत्या, म्हणून नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. असं आपोआप बदलणं थांबवायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

आणि तुमच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे. तीनशे उत्पादक, दोन वेळा, ३६५ दिवस: वर्षाला २,१९,००० नोंदी. पंधरा वर्षांच्या झाल्या ३२,८५,०००. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळीच मावतात. सगळी एकच फाइल उघडलीत तर पाच वर्षंही पूर्ण दिसणार नाहीत, आणि चुकून सेव्ह केली तर उरलेली गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडात असंच घडल्याचं उघडकीला आलं. प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाइली जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलीत ओतल्या जात होत्या. तिची मर्यादा ६५,५३६ ओळींची, आणि १५,८४१ कोरोना रुग्ण मोजणीतून सुटले. म्हणून एप्रिल ते मार्च अशी प्रत्येक आर्थिक वर्षाची वेगळी फाइल करा.

बघायचंच असेल तर एक्सेलच्या 'डेटा' मेनूमधून टेक्स्ट फाइल आयात करा आणि कोड, खाते, बिल्ला हे रकाने टेक्स्ट म्हणून निवडा. मला विचाराल तर लिबरऑफिसचं कॅल्क या कामाला बरं. ते उघडण्याआधी थांबून विचारतं: संकेतावली कोणती, तोडायचं चिन्ह कोणतं, कोणता रकाना मजकुराचा. शिवाय फुकट आहे. मूळ फाइलीवर 'केवळ वाचन' लावा आणि खटपट तिच्या प्रतीवर करा.

तारखेचं एका वाक्यात: वर्ष, मग महिना, मग दिवस, २०२१-०४-०३ असं. ३/४/२०२१ मध्ये तीन एप्रिल की चार मार्च यावर भांडण लागतं, यात लागत नाही, आणि साध्या क्रमाने लावल्या तरी तारखा आपोआप नीट लागतात.

फाइलीबरोबर एक चिठ्ठी मागा. कुठला रकाना कशाचा, फॅट कुठे, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) कुठे, सकाळ-संध्याकाळ कशी ओळखायची, दर लिटरचा की किलोचा, रिकामा रकाना म्हणजे शून्य की नोंदच नाही. शेवटचं फार महत्त्वाचं. दूध घातलं नाही आणि घातलं पण फॅट मोजली नाही, या दोन गोष्टी फाइलीत सारख्याच दिसू शकतात, आणि ते जुन्या माणसाशिवाय कुणालाच माहीत नसतं. तो आज फोन उचलतोय तोवर विचारून घ्या.

आणि ताळा. तुमच्या धंद्यात हे मी शिकवायला नको, पण संगणक मध्ये आला की माणसं ताळा पाहायचं विसरतात. प्रत्येक फाइलीमागे किती नोंदी, एकूण लिटर किती, एकूण रक्कम किती, हे जुन्या सॉफ्टवेअरमधून छापून घ्या. नव्यात भरल्यावर तेच तीन आकडे आले पाहिजेत. नोंदी जुळल्या आणि लिटर जुळले नाहीत तर रकाना सरकलाय, एकनाथांपासून बघायला सुरुवात करा. नोंदीच कमी भरल्या तर संतोषांकडे जा.

कायमच्या साठवणीबद्दल. एक्सएमएल, जेसन, पार्के वगैरे फाइलींचे प्रकार आहेत, आपापल्या जागी चांगलेच आहेत. दूध संस्थेच्या आयताकृती तक्त्याला त्यांची गरज नाही. साधी टेक्स्ट फाइल ठेवा. २०१९ च्या महापुरात नदीकाठच्या एका संस्थेचा संगणक पाण्याखाली गेला. बॅकअपची हार्ड डिस्क कोरडी होती, पण सॉफ्टवेअर चालू करायचं डोंगल, म्हणजे किल्लीसारखं लावायचं छोटं यंत्र, संगणकालाच लावलेलं, आणि ते बनवणाऱ्याने धंदा केव्हाच बंद केलेला. त्या बॅकअपमधून अजूनही काही निघालेलं नाही. त्याच संस्थेच्या आधीच्या सचिवांनी हौसेने दरवर्षी मार्चअखेर टॅबवाली टेक्स्ट फाइल काढून पेन ड्राइव्हवर घरी ठेवलेली होती. ती नोटपॅडमध्ये उघडली. सहा वर्षांची बिलं त्यातून उभी केली. चिठ्ठी नव्हती, म्हणून नववा रकाना कशाचा हे कळायला दोन दिवस गेले. ती कपात निघाली, पशुखाद्याची.

तर जुन्या माणसाला आजच असा निरोप पाठवा: "प्रत्येक आर्थिक वर्षाची वेगळी टेक्स्ट फाइल, टॅबने तोडलेली. पहिली ओळ रकान्यांच्या नावांची. तारीख वर्ष-महिना-दिवस. रकमेत स्वल्पविराम नको. कोड, खाते, बिल्ला नंबर पुढच्या शून्यांसकट. नावं आहेत त्याच फाँटमध्ये द्या, फक्त फाँटचं नाव कळवा. प्रत्येक फाइलच्या नोंदी, लिटर आणि रक्कम कागदावर, सहीसकट." सहीचं ऐकून तो जरा कुरकुरेल, मागाच. आणि आधी एकाच वर्षाची फाइल घेऊन नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरून बघा, बाकीची चौदा नंतर. जुनं सॉफ्टवेअर मात्र नव्यातून निदान तीन बिलं बिनचूक निघेपर्यंत काढू नका. जुन्या माणसाचा शेवटचा हप्ता तोवर राखून ठेवला तरी चालेल.